तूम उघडा असताना

तळ्यावरून,
माघ वद्य ५, शके १८६६

तीर्थस्वरूप निलम्मा अक्कास, धाकट्या गुरुशांतप्पाचे शरणार्थ.

पत्र मुद्दाम तुझ्या नावानं लिहायलोय. दाजींना लिहिलेल्या पत्रांना उत्तर येत नाही, आणि ते इथं आले तरी मासे बघून लगेच घोड्यावर बसतात. जेवताना तू एकदा त्यांच्या कानावर घालशील म्हणून तुला.

तू हे तळं बघितलेलं नाहीस. दाजींनी जहागीरदारांकडून ते ठेक्यानं घेतलं तेव्हा घरात 'तळ्याचा गुत्ता' एवढंच सांगितलं. आपल्या अव्वाला अजून वाटतं, शिंगाड्याचा गुत्ता आहे. अक्का, इथं मासे वाढवतात. बांधाखाली लहान लहान तळी खोदलीत. पावसाळ्यात नदीवरून माशांची पिल्लं मडक्यांतून आणायची, या लहान तळ्यांत जपायची, अंगानं भरली की वरच्या मोठ्या तळ्यात सोडायची. काम करणारे सगळे भोई. त्यांचा म्होरक्या निंगप्पा. त्याची बायको लक्ष्मम्मा, ती बायकांना घेऊन काम करते. मी कारकून. माणसं लावायची आणि बघत उभं राहायचं, हेच माझं काम.

परवा रिकाम्या तळ्यांत चुना टाकायचा होता. तळ स्वच्छ व्हावा म्हणून कळीचा चुना फेकतात. बायका उघड्या हातांनी टोपल्यातून फेकायल्या होत्या. वारा उलटला आणि लक्ष्मम्माच्या डोळ्यांत चुना गेला. ती ओरडली तशी एक जण पदरानं तिचे डोळे चोळायला लागली. मी पळत जाऊन घागरींनी पाणी ओतलं. डोळा वाचला, पण अजून लाल आहे. दुसऱ्या एकीच्या तळपायाची कातडी सोलून निघाली.

त्याहून मला जास्त भीती वाटते ती तुमाची. बांधाच्या पोटात, पाण्याच्या तळाशी दगडात एक भोक ठेवलंय, त्याला इथं तूम म्हणतात. वरून लाकडी दट्ट्या उचलला की पाणी बाहेर सुटतं. त्या भोकाला आडवं काही नाही. तूम उघडा असला की जाळं ओढतो, लाकूड ओढतो, मागं एकदा वासरू ओढून बुडवलं. जाळं अडकलं की हे लोक तसेच बुडी मारून सोडवायला जातात. निंगप्पाला मी रागावलो तर हसला. "धनी, तूम ओढाय लागला की आपुन लांब सरायचं, बस."

दाजींना सांग, तुमाच्या तोंडाला लोखंडी जाळी बसवा. आणि तूम बंद केल्याशिवाय माणूस पाण्यात उतरवायचा नाही, हा हुकूम त्यांच्या तोंडून निघू दे. माझं इथं कोण ऐकतंय?

तुझा,
गुरुशांतप्पा

*

मुडबी,
फाल्गुन शुद्ध २, शके १८६६

चिरंजीव तम्मा गुरुशांतप्पास, निलम्माचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. ह्यांना बोलले. जेवताना न्हाई, जेवून पान खाताना, तवा मन जरा मोकळं असतंय. हसले. म्हणाले, "भोयाचं लेकरू पाण्यातच पैदा हुतंय. त्याला पाण्याची भीती तुझा भाऊ शिकवायलाय व्हय?" मी पानाचा डबा उचलून आत गेले. मला तरी त्यातलं काय कळतंय. तूम का काय ते मी डोळ्यानं बघितलं न्हाई.

माझा जीव दुसऱ्याच गोष्टीनं उडालाय. तू मासळीला हात लावतोस का? खरं लिही. आपल्या गळ्यात लिंग हाय रे. अव्वाला कळलं तर ती अन्न सोडंल. हुलसुराला अव्वाकडं घरी गेलास की आधी अंघोळ कर, मग उंबरा ओलांड. कुणी विचारलं तर तळ्यावर कारकुनी करतो म्हण. मासळीचं नाव काढू नको. आमच्या थोरलीला एका चांगल्या घरातून मागणी येईलसं दिसायलंय. मठात ऊठबस असणारी माणसं हायत.

त्या बाईच्या डोळ्याचं वाचून कसंतरीच झालं. खोबरेल पाठवलंय. हातापायाला चोळून मग चुन्यात जा म्हणावं. ह्यांना सांगू नको मी पाठवलं म्हणून.

निलम्मा

*

तळ्यावरून,
चैत्र शुद्ध १०, शके १८६७

तीर्थस्वरूप अक्कास शरणार्थ.

तेल पोचलं. बायकांनी ते आधी डोक्याला लावलं. मग मी ओरडलो तेव्हा हाताला.

मासळीला हात लावतो का विचारलंस. लावतो. मागल्या महिन्यात एका गड्याला शिंगी माशाचा काटा टोचला, हात कोपरापर्यंत सुजून टम्म झाला. त्याच्या हातातलं जाळं तसंच सोडून देऊ काय, सांग.

दाजींनी हुकूम दिला नाही, मग मीच दिला. चुना टाकताना वारा पाठीशी घ्यायचा, डोळ्यांवर विरळ फडकं बांधायचं, शेजारी पाण्यानं भरलेला रांजण असलाच पाहिजे. पहिल्यांदा बायका पदर तोंडात धरून हसल्या. आता लक्ष्मम्माच दुसऱ्यांवर डाफरते, "रांजण भरल्याबिगर टोपलं उचलायचं न्हाई ग."

जनवाड्याच्या बाजारातून एक जाड दोर आणलाय. बुडी मारणाऱ्याच्या कमरेला बांधायचा आणि दुसरं टोक काठावरच्या दोघांनी धरायचं. निंगप्पा केवढा चिडला! "मला काय म्हसरू समजलाव का, दावं लावायला?" तरी बांधून घेतला. तूम बंद होता, पण दट्ट्या नीट बसला नव्हता. बुडी मारली तसा पाण्यानं त्याचा पाय आत खेचला. दोर होता म्हणून दोघांनी त्याला वर काढला. दुसऱ्या दिवशी स्वतः दोर घेऊन आला आणि म्हणाला, "बांधा धनी. आन दट्ट्या बसला का ते मी हात लावून बघनार, मगच उतरनार." आता तोच सगळ्यांना ओरडून सांगतो, आधी तूम बंद, मग माणूस. अक्का, मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

जाळीचं मात्र दाजी म्हणाले, पुढल्या सालाला बघू. जहागीरदारांच्या घरी लग्न आहे. त्यांना मरळ मासे पाहिजेत, तेही जिवंत, मडक्यांत पाणी भरून. दाजींनी शब्द दिलाय. या लग्नात नाव झालं तर दुसरंही तळं मिळेल असं त्यांच्या मनात आहे. त्यामुळं इथं सगळी धांदल चाललीय.

तुझा,
गुरुशांतप्पा

*

मुडबी,
ज्येष्ठ शुद्ध ८, शके १८६७

चिरंजीव तम्मास आशीर्वाद.

तुझं पत्र न्हाई, निरोप न्हाई. ह्यांच्याकडूनच कळलं, तो निंगप्पा भोई सिंदी पिऊन पाण्यात उतरला आन बुडाला म्हणून. वाईट झालं. लग्नाच्या धांदलीत असं व्हावं, हे तर दोन दिवस जेवले न्हाईत.

आता जहागिरीच्या कचेरीतून चौकशी लागलीय. तू तिथं उभा हुतास म्हणून तुझा जबाब घेणार हायत. हे म्हणतेत, गुरुशांतप्पानं येवढंच सांगायचं, की तो पिलेला हुता आन न सांगता उतरला. बाकीचे भोई तसंच सांगणार हायत. म्हणजे हे मिटंल. त्याच्या बायकोला झोपडीत राहू देणार हायत, घरची ज्वारी देणार हायत. ह्यांनी माझ्यापाशी कबूल केलंय.

तम्मा, गेलेला माणूस तर येत न्हाई. जित्या माणसांचं बघ. थोरलीची सुपारी फुटायची हाय. चौकशीत ह्यांचं नाव आलं की तळं आलं, तळं आलं की मासळी आली. मग ती माणसं आमच्या उंबऱ्याला पाय लावतील का? तुझी भाची हाय ती. तू लहान असताना मी तुला काखेत घेऊन फिरवलंय. आजपर्यंत कधी काही मागितलं न्हाई.

निलम्मा

*

तळ्यावरून,
ज्येष्ठ पौर्णिमा, शके १८६७

अक्का,

तो पिलेला नव्हता.

तुला जे सांगितलं नाही ते मी सांगतो. मरळ चिखलात दडून बसतो, म्हणून तळ्याचं पाणी उतरवायला तूम सकाळपासून उघडा होता. दुपारी जाळं ओढत आणताना त्याचं टोक तुमात गेलं. निंगप्पा थांबला. मला म्हणाला, "धनी, दट्ट्या टाका." मी दट्ट्याला हात घातला. तेवढ्यात दाजी बांधावरून ओरडले, "कामून बंद करायलास? गाड्या जुंपून उभ्या हायत."

मी म्हणालो, "दाजी, माणूस उतरायलाय."

"मग उतरू दे की. दोन बुड्या मारल्या की झालं. बंद करून पुन्हा उघडून पाणी उतरोस्तवर सांज हुईल, साहेबांची माणसं काय माझ्या तोंडाकडं बघत बसतील?"

निंगप्पानं दोर मागितला. दोर नव्हता. सकाळीच दाजींनी तो गाडीवरची मडकी बांधायला नेला होता. निंगप्पानं माझ्याकडं बघितलं, मग दाजींकडं. "व्हय जी," म्हणाला आणि उतरला.

पहिल्या बुडीला वर आला, श्वास घेतला. दुसऱ्या बुडीला आलाच नाही. जाळ्याचा पीळ त्याच्या हाताला बसला होता आणि हात खांद्यापर्यंत आत ओढला गेला होता. मी दट्ट्या टाकला. तो खाली बसेना. त्याचाच हात मध्ये होता अक्का. आम्ही चार जण उतरलो. मला पोहता येत नाही, तरी मीही उतरलो. खाली पाण्याची काय ओढ असते ते मला तेव्हा कळलं. त्याला वर काढला तेव्हा सगळं संपलं होतं.

लक्ष्मम्मा खालच्या तळ्यात चुना टाकत होती. डोळ्यांवरचं फडकं तसंच ठेवून धावत आली. बांधावरून कुणीतरी म्हणालं, पिला आसंल. ती रडली नाही. खाली वाकली, त्याच्या तोंडाला नाक लावलं, आणि उभी राहून सगळ्यांना म्हणाली, "या, कुनीबी या. वास घेऊन बघा."

कुणी पुढं आलं नाही. दाजी गाड्यांकडं गेले. मरळ वेळेवर पोचले.

दट्ट्या माझ्या हातात होता. दाजींचं न ऐकता तो खाली सोडला असता तर निंगप्पा आज जेवत बसला असता. ते मी केलं नाही. आता निदान त्याला दारुडा तरी करणार नाही. तू दुसरं काहीही माग.

गुरुशांतप्पा

*

मुडबी,
आषाढ शुद्ध ३, शके १८६७

गुरुशांतप्पास,

तू जबाब दिलास म्हणून कळलं. ह्यांचं नाव घेऊन दिलास. सगळ्या कचेरीपुढं.

त्या भोयाची बायको तुझी कोण लागती? आन मी कोण लागते? ह्या घरात मी आता मान वर करून कसं फिरायचं ते तू सांग. तू म्हणतोस ते खरं असंल. मला खरं कळून काय करायचंय? मला ह्याच घरात मरायचंय.

पत्र टाकू नको. आलं तरी मी उघडणार न्हाई.

निलम्मा

*

हुलसूर,
कार्तिक वद्य ११, शके १८६७

तीर्थस्वरूप अक्कास शरणार्थ.

उघडणार नाही म्हणालीस तरी लिहायलोय.

मला तळ्यावरून काढलं हे तुला ठाऊकच असेल. इथं एका अडतीवर धान्य मोजायला उभा असतो. चौकशीचा निकालही लागलाय. तळं जहागिरीचं आणि कचेरीही जहागिरीचीच. सगळ्या भोयांनी सांगितलं की तो पिलेला होता. त्यांची काय चूक, त्यांना त्याच पाण्यावर जगायचंय. माझा जबाब मालकाशी भांडण झालेल्या माणसाचा म्हणून बाजूला ठेवला.

ज्वारीचं आणि झोपडीचं दाजींनी तुझ्यापाशी कबूल केलं होतं ना? ते मोडलं. मी खरं बोललो म्हणून मोडलं. लक्ष्मम्माला पावसात झोपडीबाहेर काढलं. जनवाड्याच्या बाजारात ती मला भेटली, सरपणाची मोळी घेऊन बसली होती. मी म्हटलं, "लक्ष्मम्मा, मी त्याच्यावर डाग येऊ दिला नाही." तिनं मोळीची गाठ आवळली. मग म्हणाली, "अण्णा, तुमी लई चांगलं केलाव. पर तो पिऊन मेला आसता तर मला छप्पर तरी ऱ्हायलं आसतं."

मोळी विकत घेतली आणि आलो.

आणखी एक. तुमाच्या तोंडाला लोखंडी जाळी बसलीय. भाद्रपदात पिल्लं मोठ्या तळ्यात सोडली, ती पाण्याबरोबर तुमातून वाहून जायला लागली. दाजींनी त्याच आठवड्यात बीदरहून लोहार आणला.

गुरुशांतप्पा

*

मुडबी,
पौष शुद्ध १२, शके १८६७

चिरंजीव तम्मास आशीर्वाद.

तुझं पत्र उघडलं. ठेवलं हुतं, मग उघडलं.

जनवाड्याला नणंदेच्या घरी बाळंतविडा द्यायला गेले हुते. येताना गाडीवानाला म्हटलं, तळ्यावरून घे. त्यानं बांधाच्या अलीकडं गाडी थांबवली, मी चालत गेले. पाणी उतरलेलं हुतं म्हणून जाळी वरनं दिसत हुती. जाड गज, बोट जाईल येवढीच फट. राखणदाराला विचारलं, ही कशाला रे? तो म्हणाला, "पिल्लं जायलती की अक्का." मी म्हटलं, आन माणूस गेला तवा? तो दुसरीकडं बघाय लागला. मी मालकीण हाय हे त्याला ठाऊक नव्हतं, न्हाई तर तेवढंबी बोलला नसता.

लक्ष्मम्माला बाजारातून शोधून गाडीत बसवून आणलंय. गोठ्यात राहती, शेण काढती, जनावरांचं बघती. ह्यांना भीत भीत सांगितलं. मला वाटलं हुतं घरात आग लागंल. तर म्हणाले, "राहू दे. बरंच झालं. डोळ्यापुढं राहील." आता गावात सांगत फिरायलेत, नोकर पिऊन मेला तरी त्याच्या बाईला मी घरात घेतली. माणसं येऊन मला म्हणतेत, निलम्मा, तुमच्या मालकांचं मन लई मोठं. मी व्हय म्हणते. लक्ष्मम्मा गोठ्यातून ऐकत असती.

तू मला जे लिहिलास ते मी आधी ऐकायला पाहिजे हुतं. आता त्याचं काय करू ते सांग.

निलम्मा

*

हुलसूर,
माघ शुद्ध ६, शके १८६७

तीर्थस्वरूप अक्कास शरणार्थ.

काय करायचं ते मला कळत असतं तर मी इथं माप धरून उभा राहिलो नसतो. तिला पोटभर जेवायला मिळतंय ना, एवढंच बघ. पण रोज त्या गोठ्यात बसून तिनं नवऱ्याला दारुडा म्हणताना ऐकायचं, आणि ते म्हणणाऱ्याला लोकांनी पुण्यवान म्हणायचं, हे तिला किती दिवस सहन होईल ते मला सांगता येत नाही. तुलाही.

गुरुशांतप्पा

*

मुडबी,
वैशाख वद्य ४, शके १८६८

चिरंजीव तम्मास निलम्माचे आशीर्वाद.

अक्षयतृतीयेला थोरलीला बघायला त्या मागणीच्या घरचे पाहुणे आले. त्यांच्याबरोबर मठाचे सामी आले. वसरीत चटया टाकल्या, पादपूजा झाली, पोरगी पसंत पडली. सामींसाठी दूध तापवून मी दारात उभी हुते. बोलता बोलता पाहुण्यांतले म्हातारे म्हणाले, "रेवणसिद्धप्पांनी नोकराच्या विधवेला घरात घेतलीय म्हणे. अशी दया आजकाल कुठं बघायला मिळती?" हे खाली मान घालून म्हणाले, "आपलं कर्तव्यच हाय ते. बिचारा पिऊन पाण्यात पडला, बाईचा काय दोष?"

लक्ष्मम्मा अंगणातून पाण्याची घागर घेऊन जायली हुती. थांबली. घागर खाली ठेवली. म्हणाली, "सामी, माझा नवरा पिलेला नव्हता. ह्यांच्या मासळीच्या तळ्यात, तूम उघडा असताना ह्यांनी उतरीवला. म्हणून मेला."

हे हसले. म्हणाले, दुःखानं हिचं डोकं फिरलंय, कधी काय बोलंल नेम न्हाई.

तम्मा, माझ्या हातात दुधाचा पेला हुता. मला वाटलं आता बोलले न्हाई तर पुन्हा कधीच बोलणार न्हाई. मी म्हटलं, "डोकं ठिकाणावर हाय तिचं. ती सांगती तसंच झालं."

सामी ह्यांच्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता विचारतील, तो माणूस कसा मेला. त्यांनी विचारलं, "मासळी? रेवणसिद्धप्पा, तुमचा मासळीचा गुत्ता हाय?"

बस. पुढं सगळं मासळीचंच झालं. दूध तसंच राहिलं, पाहुणे उठले, सामी उठले. माणसाचं कुणी नाव काढलं न्हाई. म्हातारे जाताना मला म्हणाले, बाई, आमच्या घरात मासळीचा पैसा आला असता, थोडक्यात वाचलो.

परवा प्रायश्चित्त झालं. मठात जाऊन ह्यांनी नव्यानं विभूती लावून घेतली, जंगमांना जेवू घातलं. काल पाहुण्यांचा निरोप आला, सोयरीक ठरली म्हणून. गुत्ता आता बीदरच्या कुणाच्या तरी नावावर केलाय. तळं ह्यांचंच हाय. माशाला प्रायश्चित्त निघालं रे तम्मा. निंगप्पाला काहीच निघालं न्हाई.

हे माझ्याशी बोलत न्हाईत. न बोलोत. लग्नात मला माजघरातच बसवणार हायत, तेबी बसवोत. पोरगी मात्र रात्री माझ्या अंथरुणाशी आली आन म्हणाली, "अव्वा, ती खरं बोलली ना?" मी व्हय म्हटलं. ती गेली. तिला काय वाटलं ते मला कळलं न्हाई.

लक्ष्मम्माला आज सांज व्हायच्या आत घरातून काढायचा हुकूम हाय. तिला तुझं गाव सांगितलंय. हे पत्र टपालात टाकलं न्हाई, तिच्याच हातात दिलंय. तिला वाचता येत न्हाई, म्हणून तू वाचून होईस्तवर ती दारातच उभी राहील.

तिला आत घे.

निलम्मा